फोन खिडकीत, लॅपटॉप माजघरात

फोन आणि लॅपटॉप यांची ब्लूटूथवर जोडी जमली म्हणजे लॅपटॉपला नेट मिळालं, असं होत नाही. एवढी एक गोष्ट आधी लक्षात आली तर पुढचं सगळं सोपं जातं. लिनक्स या संगणकप्रणालीवर फोनचं नेट ब्लूटूथने लॅपटॉपला कसं दिलं आणि आता त्यावर रोज काम कसं चालतं, ते सविस्तर लिहिते आहे. कारण ज्यांना याची खरी गरज असते, त्यांच्याकडे शोधाशोध करायला नेटच नसतं.

आमचं घर राजापूर तालुक्यात, जुनं, जांभ्या चिऱ्याचं. मी मराठी विकिस्रोतावर मुद्रितशोधन करते. स्वामित्वहक्क संपलेल्या जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं तिथे असतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक मुक्त होतं. एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर, आणि आपण ओळ न् ओळ ताडून तो दुरुस्त करायचा. जुन्या छपाईत ‘ध’ आणि ‘घ’ यांत यंत्राचा हमखास गोंधळ होतो, अनुस्वार तर सरळ गळतात. पान तपासून झालं की त्याची खूण लालची पिवळी होते. मग दुसऱ्या कुणी पुन्हा वाचलं की हिरवी. या कामाला नेट दिवसभर लागतं, पण एका वेळी अगदी थोडं. हे मुद्दाम सांगते, कारण ब्लूटूथचं नेट पुरेल की नाही हे सर्वस्वी कामावर ठरतं.

मागच्या पावसाळ्यात लॅपटॉपचं वायफाय गेलं. इथल्या दमट हवेत इलेक्ट्रॉनिक वस्तू दगावणं नवीन नाही. एलएसपीसीआय ही कमांड दिली की यंत्रातल्या कार्डांची यादी येते. त्यात वायफायचा मागमूस नव्हता. एलएसयूएसबी दिली, तर तिथे ब्लूटूथ व्यवस्थित हजर. हे कोडं सुटलं तेव्हा मला फार बरं वाटलं. लॅपटॉपमध्ये बहुधा वायफाय आणि ब्लूटूथ एकाच बारक्या कार्डावर असतात, पण दोघांच्या वाटा निराळ्या. वायफाय पीसीआय एक्स्प्रेसच्या तारांवरून बोलतं, ब्लूटूथ यूएसबीच्या. त्यामुळे एक बाजू मेली तरी दुसरी जिवंत राहू शकते. ज्यांचं वायफाय गेलंय त्यांनी नवं कार्ड किंवा डोंगल मागवण्याआधी ही दुसरी यादी एकदा जरूर पाहावी.

शेजारचा मुलगा कॉलेजात आहे, तो म्हणाला, “काकू, केबल लावा ना सरळ. यूएसबी टेदरिंग करा.” टेदरिंग म्हणजे फोनचं नेट दुसऱ्या यंत्राला देणं. सल्ला चुकीचा नव्हता. केबलने नेट लगेच मिळतं आणि वेगही चांगला असतो. पण आमच्या घरात मोबाइलची रेंज मिळते ती पडवीच्या एकाच खिडकीत. पाऊस जोरात असला की तिथेही फोन गजाला टेकवून उभा ठेवावा लागतो. पडवीत वाऱ्याने पाणी येतं, तिथे लॅपटॉप मांडून बसणं शक्य नाही. फोन खिडकीत आणि मी आत, माजघरात, असं हवं होतं. केबल तेवढी पुरत नाही, आणि वायफाय नसल्यामुळे हॉटस्पॉटचा प्रश्नच मिटला. राहिलं ब्लूटूथ.

माझ्या लॅपटॉपवर डेबियन १२ हा लिनक्सचा प्रकार आहे, डेस्कटॉप एक्सएफसीई. सुरुवातीला आरएफकिल लिस्ट ही कमांड देऊन रेडिओला कुठे कुलूप आहे का ते पाहिलं. सॉफ्ट ब्लॉक आणि हार्ड ब्लॉक, दोन्हींपुढे ‘नो’ असायला हवं. सॉफ्ट ब्लॉक असेल तर आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ म्हणायचं. हार्ड ब्लॉक असेल तर लॅपटॉपवरचं बटण शोधायचं. मग सिस्टमसीटीएलने ब्लूटूथची सेवा चालू आहे याची खात्री केली. डीमेसेजमध्ये, म्हणजे यंत्राच्या आतल्या नोंदींत, फर्मवेअर (कार्ड चालवणारा त्याचा स्वतःचा प्रोग्राम) सापडलं नाही अशी तक्रार दिसली असती तर तिथेच अडलं असतं. बऱ्याच कार्डांना कंपनीने दिलेली फर्मवेअर फाइल लागते. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, अशा फाइली बसवतानाच आपोआप येतात, त्यामुळे मला तो त्रास झाला नाही. आधीच्या आवृत्तीवर मात्र या फाइली दुसऱ्या यंत्रावरून पेनड्राइव्हवर आणाव्या लागायच्या.

लिनक्समध्ये ब्लूटूथचं सगळं काम ब्लूझी सांभाळतं. क्वालकॉममध्ये सुरू झालेला हा प्रकल्प २००१ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आहे. त्याच्याशी थेट बोलायचं साधन म्हणजे ब्लूटूथसीटीएल. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या चौकटीत, ते उघडलं, पॉवर ऑन केलं, एजंट ऑन केलं आणि स्कॅन ऑन म्हटलं. एकेक पत्ते खाली उमटायला लागले: शेजारचा टीव्ही, कुणाचे तरी इअरबड, काही नाव नसलेली उपकरणं, आणि त्यात माझा फोन. फोन दिसण्यासाठी फोनवर ब्लूटूथ सेटिंगचं पान उघडं ठेवावं लागतं. पान बंद केलं की फोन शोधणाऱ्यांना दिसेनासा होतो. फोनच्या नावाशेजारी बारा अक्षरांचा पत्ता असतो. तो कागदावर उतरवून घेतला, पुढे सारखा लागतो.

पेअर म्हणून तो पत्ता दिला. दोन्ही पडद्यांवर सहा आकडी संख्या आली. लॅपटॉप विचारतो, हीच का? तसंच फोनही विचारतो. दोन्हीकडची संख्या खरोखर तीच आहे ना, हे डोळ्यांनी पाहून मगच हो म्हणावं. २००७ सालच्या ब्लूटूथ २.१ पासून ही पद्धत आली. त्याआधी ०००० किंवा १२३४ असे पिन चालायचे आणि मध्येच तिसरं कुणी घुसणं सोपं होतं. हे सहा आकडे ते रोखण्यासाठीच आहेत. त्यानंतर ट्रस्ट म्हटलं, म्हणजे दर वेळी परवानगी मागायला नको. जोडी जमली.

मग कनेक्ट म्हटलं. ‘कनेक्शन सक्सेसफुल’ असं उत्तर आलं. फोनवर कुणाचा तरी मेसेज आला आणि त्याचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरमधून निघाला. ब्राउझर मात्र ठप्प. आयपी ए ही कमांड दिली, तर नेटवर्कच्या यादीत नवीन काहीच नाही.

हा टप्पा गाठून बरेच जण कंटाळून सोडून देतात, आणि कारण न कळल्यामुळे सोडतात, याचं मला वाईट वाटतं. ब्लूटूथसीटीएलमध्ये इन्फो म्हणून फोनचा पत्ता दिला की फोन काय काय देऊ शकतो त्याची लांबलचक यादी येते: ऑडिओ सोर्स, रिमोट कंट्रोल, फोनबुक, मेसेज आणि त्यातच एक ओळ, एनएपी. म्हणजे नेटवर्क ॲक्सेस पॉइंट. आपल्याला हवी ती ही एक ओळ. जोडी जमणं म्हणजे वाड्याच्या दिंडीदरवाजातून आत येणं. आत बिऱ्हाडं निराळी, ज्याचं त्याचं दार वेगळं वाजवावं लागतं. माझ्या कनेक्टने आवाजाचं दार उघडलं होतं. नेटचं दार अजून कुणी वाजवलंच नव्हतं.

या नेटच्या व्यवस्थेला पॅन म्हणतात, पर्सनल एरिया नेटवर्किंग. त्यात फोनची भूमिका एनएपीची, म्हणजे नेट देणाऱ्याची, आणि लॅपटॉपची पॅन-यू, म्हणजे वापरणाऱ्याची. दोघांच्या मधे बीएनईपी नावाचा प्रोटोकॉल असतो. आपण तारेच्या नेटवर्कवर जी इथरनेटची पाकिटं पाठवतो, तीच हा ब्लूटूथवरून वाहून नेतो. म्हणून एकदा हे जुळलं की लिनक्सला हे जवळजवळ साध्या इथरनेटसारखंच दिसतं: बीएनईपी-शून्य नावाचं एक नेटवर्क कार्ड उगवतं, त्याला फोनकडून आयपी पत्ता मिळतो, बस. बाकीच्या कुठल्याही प्रोग्रामला मध्ये ब्लूटूथ आहे याचा पत्ताही लागत नाही. मला ही रचना अतिशय सुंदर वाटते.

ज्यांनी जीपीआरएसच्या काळात बटणांच्या फोनवरून संगणकाला नेट दिलं असेल, त्यांना त्या वेळचा प्रकार आठवेल. फोन मोडेम व्हायचा, *९९# असा नंबर फिरवावा लागायचा, पीपीपीची सेटिंग भरावी लागायची. ते डायल-अप नेटवर्किंग, ती निराळी सेवा. जुन्या सूचनांमध्ये अजून तीच सापडते, किंवा पॅनडी नावाचा एक प्रोग्राम चालवा असं लिहिलेलं असतं. २०१२ अखेरीस आलेल्या ब्लूझी ५ मध्ये तो काढून टाकला. तेव्हा कुठल्याही मार्गदर्शनात पॅनडी दिसला की ते बाजूला ठेवावं. आजच्या लिनक्सवर त्यातलं काही चालायचं नाही.

आता ते दार वाजवायचं कसं? डेबियनमध्ये नेटवर्क मॅनेजर हे काम करतो. एनएपी ही ओळ असलेल्या, म्हणजे नेट देऊ शकणाऱ्या फोनशी जोडी जमली की तो स्वतःहून एक जोडणी तयार करून ठेवतो. फोनचं नाव आणि पुढे ‘नेटवर्क’ असं तिचं नाव असतं. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात ब्लूटूथचा हा भाग वेगळ्या पॅकेजात असतो, तो नसेल तर ही जोडणी दिसणारच नाही. मी नेटवर्क मॅनेजरची कमांड, एनएमसीएलआय डिव्हाइस, देऊन पाहिलं, तर यादीत ‘बीटी’ प्रकारचं एक उपकरण होतं, नावाच्या जागी फोनचा तोच बारा अक्षरांचा पत्ता, आणि स्थिती ‘डिसकनेक्टेड’. ज्यांना टर्मिनल नको त्यांच्यासाठी ब्लूमॅन हा खिडक्या-बटणांचा प्रोग्राम आहे: फोनच्या नावावर उजवी क्लिक केली की मेनूत नेटवर्क ॲक्सेस पॉइंट असा पर्याय येतो.

जोडणी चालू केली. थोडा वेळ ‘कनेक्टिंग’ दिसलं आणि मग उत्तर आलं, ब्लूटूथ जोडणी झाली नाही किंवा वेळ संपली. हा संदेश फार मोघम आहे. जर्नलसीटीएल उघडून ब्लूटूथच्या सेवेच्या नोंदी वाचल्या. लिनक्सचं मला हेच सगळ्यात जास्त आवडतं. पडद्यावर काहीही मोघम येवो, आत खोलात काय घडलं ते नोंदवून ठेवलेलं असतं आणि आपल्याला ते वाचता येतं. लॅपटॉपने फोनकडे नेट मागितलं होतं आणि नकार फोनकडून आला होता. म्हणजे लॅपटॉपची बाजू ठीक होती, पाहायचं ते फोनमध्ये.

अँड्रॉइडमध्ये सेटिंग, नेटवर्क आणि इंटरनेट, हॉटस्पॉट आणि टेदरिंग असं गेलं की ब्लूटूथ टेदरिंग हे वेगळं बटण असतं. फोनचं ब्लूटूथ चालू असल्याशिवाय ते दाबताच येत नाही. आणि ब्लूटूथ एकदा बंद करून चालू केलं, किंवा फोन रीस्टार्ट झाला, की हे बटण बहुतेक फोनांवर आपोआप बंद होतं. जोडी जशीच्या तशी, ट्रस्ट जसाच्या तसा, फक्त नेट देण्याची तयारी मागे घेतलेली. इन्फोच्या यादीत एनएपी दिसत राहतं, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. नेट मिळत नसेल तर सगळ्यात आधी हे बटण पाहावं, आणि लॅपटॉपमध्ये काही उकरायला नंतर जावं.

बटण चालू केलं, जोडणी पुन्हा सुरू केली. आयपी ए मध्ये बीएनईपी-शून्य उगवलं, पत्ता १९२.१६८.४४ ने सुरू होणारा. अँड्रॉइड ब्लूटूथसाठी हीच मालिका वापरतं; फोन स्वतः १९२.१६८.४४.१ वर असतो. आधी त्या पत्त्याला पिंग करावं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते पाहावं. तिथून उत्तर येतं पण बाहेरची साइट उघडत नाही, असं झालं तर अडचण ब्लूटूथची नाही, फोनच्या रेंजची किंवा डेटाची आहे. माझ्याकडे दोन्हीकडून उत्तर आलं आणि अर्धवट राहिलेलं पान समोर उघडलं.

वेगाबद्दल स्पष्टच सांगते. ब्लूटूथ नेटचा वेग कागदावर ३ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३ मेगाबिट, असतो, प्रत्यक्षात माहिती वाहायला फार तर २.१ मिळतो, आणि घरात त्याहून कमी. मला सेकंदाला १०० ते १५० केबी (किलोबाइट; एक बाइट म्हणजे आठ बिट) मिळतात. फोन ब्लूटूथ ५ चा आहे म्हणून यात फरक पडत नाही. नव्या आवृत्त्यांतल्या बहुतेक सुधारणा कमी वीज खाणाऱ्या लो एनर्जी भागासाठी आहेत. पॅन अजून जुन्या, क्लासिक भागावर चालतं, आणि त्याचा वेग २००४ च्या ब्लूटूथ २.० पासून आहे तिथेच आहे. विकिस्रोतावरचं स्कॅनचं पान तीन-चार सेकंदांत येतं, जतन करायला दोन सेकंद. मेल, मजकुराची साइट, बातम्या, सगळं नीट चालतं. फायरफॉक्सचं ६०-७० एमबीचं अपडेट यायला मात्र नऊ-दहा मिनिटं बसावं लागतं. व्हिडिओचा विचार करू नये.

अंतर हा दुसरा प्रश्न. दहा मीटर म्हणतात ते मोकळ्या जागेत. चिऱ्याची भिंत चांगली हातभर जाड, त्यात पावसाळ्यात ओल धरलेली. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, त्यामुळे एका भिंतीआड नेट टिकलं आणि दोन भिंतींआड तुटलं. टेबल माजघराच्या दाराच्या रेषेत आणलं, म्हणजे फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये उघडं दार आलं, तेव्हापासून तुटणं थांबलं. मधल्या दाराला पडदा असला तरी चालतो, माणूस येऊन उभं राहिलं तर पिंगचे आकडे वाढलेले दिसतात. ब्लूटूथचे इअरफोन त्याच लॅपटॉपला लावले तर दोघांना एकच रेडिओ वाटून घ्यावा लागतो आणि पान यायला वेळ लागतो; मी गाणी ऐकायची तर तारेचे इअरफोन लावते.

लाईट गेल्यावर या पद्धतीचं खरं मोल कळतं. वायफाय हॉटस्पॉटवर फोन तापतो आणि बॅटरी झरझर उतरते. ब्लूटूथवर फोन कोमटही होत नाही. लॅपटॉपची बॅटरी आधी संपते, फोन शाबूत असतो. पावसाळ्यात रात्र रात्र लाईट नसते अशा ठिकाणी हे फार महत्त्वाचं आहे, कारण तोच फोन अडीअडचणीला बोलायलाही लागतो.

नंतर दोन गोष्टी करून घेतल्या. नेटवर्क मॅनेजरने स्वतः केलेली जोडणी आपोआप सुरू होत नाही, दर वेळी चालू करावी लागते. तिचं नाव बदलून मी देवनागरीत ‘खिडकी’ ठेवलं, नेटवर्क मॅनेजरला ते बिनतक्रार चालतं, आणि एनएमसीएलआय कनेक्शन अप खिडकी ही एक ओळ डेस्कटॉपवरच्या बटणाला जोडली. दुसरं म्हणजे त्या जोडणीवर ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरायचं नेट, अशी खूण केली. ती पाहून डेस्कटॉपचे काही प्रोग्राम मागच्या मागे मोठं डाउनलोड करायचं थांबवतात. सगळे थांबवत नाहीत, पण एवढ्या अरुंद वाटेवर एक जरी कमी झाला तरी पान उघडताना जाणवतं. लॅपटॉप झोपवून उठवला की कधीकधी जोडणी ‘बिझी’ म्हणून अडते. तेव्हा ब्लूटूथसीटीएलमध्ये पॉवर ऑफ, पॉवर ऑन केलं की सुटते.

शेजारच्या मुलाने हे पाहिलं आणि आपला उबुंटूचा लॅपटॉप घेऊन आला. त्याच्याकडे ग्नोम हा डेस्कटॉप आहे, त्यामुळे टर्मिनल उघडावंही लागलं नाही. सेटिंगमध्ये ब्लूटूथ, तिथे फोनशी जोडी, फोनवर टेदरिंगचं बटण, आणि मग वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत फोनचं नाव. “काकू, आलं की नेट!” म्हणाला, पण वेग माझ्याहूनही कमी, मध्येच अडकायचं. त्याच्या लॅपटॉपचं वायफाय चालू होतं आणि नेटवर्क नसल्यामुळे सारखं शोधत होतं. दोन्ही एकाच कार्डावर, एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, बहुधा ॲंटेनाही सामाईक. ब्लूटूथचा वाटा त्यात खाल्ला जात होता. वायफाय बंद करायला सांगितलं, तेव्हा त्याचं पिंग जाग्यावर आलं.